कोलियूरची खिडकी

चित्र लहान आहे. उंची ५५.३ सेंटिमीटर, रुंदी ४६. घरात भिंतीवर टांगतो त्या मोठ्या कॅलेंडराएवढे. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा आधी हेच जाणवले. पुस्तकांतून आणि पोस्टरांवर इतकी वर्षे पाहत आल्यामुळे माझ्या मनात ते केव्हाच भिंतभर झाले होते. प्रत्यक्षात दोन हातांत उचलून उजेडाला नेता येईल एवढेच निघाले. आणि तरी दालनात शिरताना नजर पहिल्यांदा त्याच्याकडेच गेली होती.

आंरी मातिसने हे चित्र १९०५च्या उन्हाळ्यात काढले. नाव ‘उघडी खिडकी, कोलियूर’. कोलियूर हे फ्रान्सच्या अगदी दक्षिण टोकाचे, पिरेनीज पर्वताची शेवटची सोंड भूमध्य समुद्रात उतरते तिथले गाव. वस्ती आजही तीन हजारांच्या आसपास. स्पेनची सीमा वीस-पंचवीस किलोमीटरवर. माणसे मुळची कॅटलन, आणि १६५९चा तह होईपर्यंत हा मुलूख स्पेनच्या राजाकडे होता. मी आधी चित्र पाहिले आणि काही वर्षांनी गाव. गाव पाहून आल्यावर चित्राविषयीच्या माझ्या बऱ्याच समजुती पुसाव्या लागल्या. जे उरले ते इथे मांडतो आहे.

चित्रात आपण खोलीत उभे आहोत. समोर दारासारखी उंच काचेची खिडकी, तिच्या दोन्ही झडपा आत उघडलेल्या. डावीकडची भिंत मोरचुदासारखी निळसर हिरवी, उजवीकडची राणी रंगाची. पलीकडे लहानसा सज्जा. त्यावर लालबुंद कुंड्या, कुंड्यांत फुलझाडे, चौकटीभोवती चढलेला वेल. त्यापलीकडे समुद्र, चार होड्या, त्यांच्या डोलकाठ्या, आणि वर पट्ट्यापट्ट्यांचे आकाश. माणूस नाही. खुर्ची, टेबल, पलंग, काही नाही. ऊन कुठल्या बाजूने येते ते सांगणारी एक सावलीसुद्धा नाही.

एकाच खोलीच्या दोन भिंती अशा दोन रंगांच्या का? कोळ्यांच्या वस्तीतल्या भाड्याच्या खोलीला कोणी असा हात दिला असेल हे संभवत नाही; बहुधा सगळीकडे चुनाच असेल. पण पांढऱ्या खोलीतही खिडकीतून ऊन आले की एका भिंतीवर ते थेट पडते आणि दुसरी उजेडाकडे पाठ करून राहते. शेकडो वर्षे चित्रकार ही दुसरी भिंत करडी रंगवत आले. तोच चुना, पण थोडे काळे मिसळून. मातिसने काळे मिसळले नाही. उजळ आणि मंद यांतला फरक त्याने ऊन आणि गार यांत बदलला, आणि तो फरक एका रंगाच्या दोन छटांनी न दाखवता दोन परस्परविरोधी रंगांनी दाखवला. सावलीतल्या भिंतीलाही तिचा स्वतःचा पुरा रंग मिळाला. माझ्या मते चित्राची पहिली खूण ही आहे. इथे कोणताच भाग दुसऱ्याचा कमी उजेडातला अवतार नाही.

हिरवा आणि राणी हे रंगचक्रावर एकमेकांच्या समोर बसतात. शेजारी ठेवले की दोघेही एकमेकांना चढवतात. हे मातिसच्या आधीच नीट मांडले गेले होते. पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या शाही कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख असलेला रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याच्याकडे तक्रार आली होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्याने तपासले तेव्हा रंगात खोट नव्हती. शेजारचा धागा काळ्याला फिका पाडत होता. त्यातून १८३९मध्ये त्याचा रंगांच्या परस्परपरिणामावरचा ग्रंथ आला. पण मातिसला हे ग्रंथातूनच कळले असे मी मानत नाही. तो वाढला बोअँ या उत्तरेतल्या गावात. पॅरिसच्या श्रीमंतांसाठी रेशमी आणि उंची कापड विणणाऱ्या मागांचे ते गाव. ज्याच्या लहानपणी घरोघरी माग चालत होते त्याला उभ्या-आडव्या धाग्यांचे भांडण आणि सलोखा शिकवावा लागत नाही. पैठणीचा धूपछाव पदर हलवून पाहणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही बाईला या चित्राचे व्याकरण अर्धे ठाऊक असते: उभा धागा एक, आडवा दुसरा, आणि डोळ्यांना दिसणारा तिसराच.

आता झडपांच्या काचांकडे पाहावे. इथे मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. डाव्या भिंतीचा हिरवा उजव्या तावदानांत उतरला आहे आणि उजव्या भिंतीचा राणी डाव्या तावदानांत. समोरासमोरच्या दोन भिंती काचांतून एकमेकींना पाहतात. एरवी भडक रंग शेजारी आणले की चित्र दोन तुकड्यांत फाटते, कारण प्रत्येक रंग आपल्या बाजूला ओढतो. इथे प्रत्येक बाजूने आपला थोडा अंश समोरच्या बाजूकडे ठेवायला दिला आहे, म्हणून चित्र मधोमध शिवल्यासारखे धरून राहते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे चित्र त्या उन्हाळ्यातल्या सगळ्या चित्रांत वरचे मानतो.

कुंचलाही तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी चालला आहे. भिंतींवर रुंद, सपाट, घासून दिलेले हात. वेल आणि कुंड्यांपाशी तुटक ठिपके, अक्षता टाकाव्या तसे. समुद्रावर आडवे, लांब, जरा लवलेले फटकारे. खोली, सज्जा, समुद्र अशी तीन अंतरे, आणि प्रत्येकाची चाल निराळी. जवळचे मोठे आणि लांबचे छोटे हा अंतर दाखवण्याचा सर्वांचा परिचित मार्ग. इथे ते काम हाताच्या लयीकडे दिले आहे. खोलीतून बाहेर जाताना आपण विलंबितातून द्रुतात जातो आणि समुद्राशी पोचलो की पुन्हा श्वास लांब होतो. मध्ये मध्ये कॅनव्हासचा पांढरा मोकळा सोडला आहे, आणि चित्रातला उजेड तिथूनही येतो.

आणि समुद्र गुलाबी आहे. भूमध्य समुद्राचे चित्र म्हटल्यावर ज्या निळ्याची अपेक्षा धरून आपण येतो तो निळा इथे होड्यांच्या अंगावर आणि आकाशाच्या पट्ट्यांत थोडाथोडा विखुरला आहे. पाणी मात्र गुलाबी, जांभळट, मध्येच पांढरे. पुष्कळ वर्षे मला ही चित्रकाराने घेतलेली मोकळीक वाटत होती. सुंदर, पण मनाचीच.

कोलियूरला मी मेच्या शेवटी गेलो. पेर्पिन्याँहून गाडीने वीस-पंचवीस मिनिटे लागतात. स्टेशनातून खाली उतरणारी एकच मोठी वाट, आणि ती संपते तिथे किल्ला. मायोर्काच्या राजांनी वाढवलेला हा राजवाडा-किल्ला थेट पाण्यात पाय सोडून बसला आहे आणि त्याने गावाचा किनारा दोन भागांत तोडला आहे. एका बाजूला जुने गाव, चर्च आणि त्याची मिनार. दुसऱ्या बाजूला पोर दाव्हाल, म्हणजे खालचे बंदर. हा कोळ्यांचा भाग. मातिसने कामासाठी खोली घेतली ती याच बाजूला, किनाऱ्यालगत. गावाच्या मागे द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या डोंगरावर चढत जातात. काळपट, पापुद्रे सुटणाऱ्या दगडाच्या कोरड्या गडग्यांनी त्या पायऱ्या धरून ठेवल्या आहेत. वर सोळाव्या शतकातला सेंत-एल्म किल्ला. वायव्येकडून त्रामोंतान नावाचा वारा सुटतो तेव्हा हवेतला ओलावा झाडून निघतो आणि डोंगराची प्रत्येक कड चाकूने कापल्यासारखी दिसते. मी होतो त्यातले दोन दिवस तो वारा वाहत होता.

गावात आजही खारवलेल्या अँचोव्हीचा वास येतो. अँचोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातली मासळी. एके काळी सगळ्या गावाचा चरितार्थ हिच्यावर होता. पकडायची, डोकी आणि आतडी काढायची, पिंपात मिठाचा थर, मासळीचा थर, पुन्हा मिठाचा, वर वजन, आणि काही महिने मुरू द्यायची. काटा काढून फाका वेगळ्या करायचे काम बायका हातानेच करतात. दुकानाच्या मागच्या बाजूला मी ते बराच वेळ पाहिले. बोटे इतकी चपळ की मासा कधी उघडला आणि काटा कधी निघाला ते दिसत नाही. हे काम करणारी घराणी आता दोनच उरली आहेत. हे सांगायचे कारण असे की मातिसच्या चित्रातल्या त्या चार होड्या शोभेच्या नाहीत. १९०५मध्ये तिथे त्रिकोणी शिडाच्या कॅटलन होड्या रोज रात्री बाहेर पडत आणि सकाळी परतत. त्यांची डोलकाठी आखूड आणि पुढे कललेली असते. बंदरात त्या जातीच्या दोन-चार होड्या रंगवून जपून ठेवल्या आहेत. त्यांच्याकडे पाहिल्यावर चित्रातल्या डोलकाठ्यांचे तिरकस फटकारे लहर म्हणून आले नसावेत असे माझ्या ध्यानात आले. त्या काठ्या खरोखर तशाच उभ्या असतात.

मग त्या गुलाबी समुद्राचे काय?

पोर दाव्हालच्या एका जुन्या घराचा जिना चढून मी पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहिलो. मातिसची खोली ती नव्हे, पण तोंड त्याच पाण्याकडे. सकाळी झडपा बंद असताना खोलीत काळोख असतो. त्या बंद खोलीतून एकदम झडपा उघडल्या की पहिले दोन-तीन क्षण समुद्र निळा नसतो. तो नुसता उजेड असतो, डोळ्यांवर येणारा. मग डोळे सरावतात आणि निळा हळूहळू वर येतो. सज्ज्यावर घरमालकिणीने वेल चढवला होता. त्याच्या उन्हात न्हालेल्या पानांकडे मिनिटभर रोखून पाहून नजर पाण्याच्या चकाकीवर नेली, तेव्हा पाण्यावर गुलाबी झाक तरंगली. डोळा हिरव्याने थकला की पांढऱ्यावर गुलाबी पाहतो. हा शरीराचा नियम आहे, कोणालाही घरी करून पाहता येतो. त्यानंतर मी त्या गुलाबीला मोकळीक म्हणणे सोडून दिले. समुद्राचा स्थायी रंग मातिसने लिहून घेतला नाही. खोलीतून, वेलीच्या हिरव्या चौकटीतून बाहेर पाहणाऱ्या डोळ्याला पहिल्या क्षणी जे होते ते त्याने टिपले. म्हणून चित्रात खोली लागते, वेल लागतो, झडपा लागतात. बाहेर वाळूत उभे राहून हे चित्र काढताच आले नसते. हे उंबरठ्यावरून पाहिलेले चित्र आहे. त्याचा विषय समुद्र नाही आणि खोलीही नाही. आतून बाहेर पाहताना डोळ्याला जी उलथापालथ सोसावी लागते ती त्याचा विषय आहे.

दुसरी एक गोष्ट गावात गेल्याशिवाय मला कळली नसती. कोलियूरमध्ये चित्र काढावे अशी एकच वस्तू सर्वांना आधी दिसते, ती म्हणजे नोत्र-दाम-देझांज या चर्चची मिनार. चर्च १६८४ ते १६९१ या काळात बांधले, पण मिनार त्याहून जुनी. मध्ययुगात ती बंदराचा दीप म्हणून उभी होती. गोल, भक्कम, डोक्यावर गुलाबी घुमट, आणि पायथ्याशी थेट समुद्र. गावाच्या प्रत्येक पोस्टकार्डावर ती आहे. त्या उन्हाळ्यात मातिसबरोबर इथे काम करणारा चित्रकार आंद्रे दरँ याच्या चित्रांत आहे, मातिसच्या दुसऱ्या चित्रांतही आहे. ‘उघडी खिडकी’त मात्र नाही. किल्लाही नाही. गावाची ओळख पटेल अशी एकही खूण त्याने आत येऊ दिलेली नाही. नावात कोलियूर आहे म्हणून आपण कोलियूर म्हणतो. जे सगळ्यांना दिसते ते गाळायचे आणि जे फक्त या खोलीतून, या घटकेला दिसते तेवढेच ठेवायचे, हा निग्रह मला रंगांच्या धाडसापेक्षाही मोठा वाटतो.

तो उन्हाळा मातिससाठी सोपा नव्हता. वय ३५, पत्नी आणि मुले, चित्रांना गिऱ्हाईक नाही. आदल्या वर्षी सेंत-त्रोपेला चित्रकार सिन्याकच्या शेजारी राहून त्याने ठिपक्यांची पद्धत शिकली होती आणि त्या पद्धतीचे एक मोठे चित्र पुरेही केले होते. पण रंगांचे ठिपके आणि आकाराची रेषा यांचे त्याच्या हातात जमेना. पत्नी अमेलीची बहीण पेर्पिन्याँला होती, त्यामुळे या किनाऱ्याची माहिती मिळाली. मेमध्ये तो आला. जुलैमध्ये त्याच्या आग्रहावरून २५ वर्षांचा दरँ येऊन पोचला. त्याच मोसमात शेजारच्या बान्यूल्सचा शिल्पकार मायोल आणि चित्रकार दानियेल द मोंफ्रेद यांच्याशी त्यांचे जाणे-येणे झाले. मोंफ्रेदच्या घरी पॉल गोगँची ताहितीहून आलेली चित्रे होती, सपाट रंगांची. ठिपके सोडून सपाट रंगाकडे यायला मातिसला ज्या धीराची गरज होती तो बहुधा तिथे मिळाला.

दरँ बाहेर भटकणारा. बंदर, होड्या, ऑलिव्हची झाडे, डोंगर. त्याने मित्राला, व्लामिंकला, जुलैच्या अखेरीस पत्र लिहिले. इथला उजेड सावलीला जागाच ठेवत नाही, प्रकाशाविषयीची आपली जुनी समजूत इथे मोडली, असा त्याचा आशय आहे. दरँचे ‘कोलियूरचे डोंगर’ हे चित्रही वॉशिंग्टनच्या त्याच संग्रहालयात आहे, मातिसच्या खिडकीपेक्षा कितीतरी मोठे. ऑलिव्हची झाडे ज्वाळांसारखी वर जातात, डोंगर एका दमात रंगवलेले. मला ते मनापासून आवडते. पण त्याच्यासमोर पाच मिनिटे उभे राहिले की ते सगळे देऊन मोकळे होते. खिडकी पाचव्या मिनिटाला उघडायला लागते. दरँला उजेड सापडला आणि त्याने तो उधळला. मातिसने त्याला चौकट घातली, आणि त्या एका चौकटीत आणखी चौकटी: कॅनव्हासची कड, भिंती, झडपा, तावदाने, वरची काचेची पट्टी, सज्ज्याचा कठडा. एवढे बंध आहेत म्हणून मधला मोकळेपणा मोकळा वाटतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या सालों दोतोन या शरद प्रदर्शनात सातव्या दालनात ही चित्रे लागली. दालनात मध्येच एक शांत, जुन्या वळणाचे शिल्प होते. समीक्षक लुई व्होसेलने ते पाहून लिहिले की हा तर हिंस्र श्वापदांत सापडलेला दोनातेल्लो. फ्रेंचमध्ये श्वापदांना ‘फोव्ह’ म्हणतात. नाव चिकटले, कलेच्या इतिहासात तेव्हापासून हे फोव्ह चित्रकार. शब्द नेमका बसतो म्हणून टिकला असे नाही, तो बोलायला सोपा म्हणून टिकला. ‘उघडी खिडकी’त श्वापद कुठेही नाही. भिंतीभिंतींतली देवघेव, कुंचल्याच्या तीन लयी, गाळलेली मिनार: हे सगळे मोजून-मापून, जपून केलेले काम आहे. या नावामुळे शंभर वर्षे लोक या चित्रात रंगांचा दंगा शोधत आले आणि त्यातला संयम त्यांच्या नजरेतून निसटत राहिला, अशी माझी तक्रार आहे.

नऊ वर्षांनी मातिसने कोलियूरची आणखी एक खिडकी रंगवली, आणि पहिली खिडकी पुरती कळायला ही दुसरी पाहावी लागते.

सप्टेंबर १९१४. युद्ध सुरू होऊन महिना झाला होता. मातिसने सैन्यात नाव द्यायचा प्रयत्न केला, वय आणि प्रकृती पाहून त्याला परत पाठवले. पॅरिसजवळचे राहते घर लष्कराने ताब्यात घेतले. बोअँ जर्मनांच्या हाती गेले होते आणि म्हातारी आई तिथेच अडकली होती. अशा वेळी तो कुटुंबासह कोलियूरला आला आणि ‘कोलियूरची दारखिडकी’ हे चित्र काढले. ११६.५ सेंटिमीटर उंच, ८९ रुंद. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. डावीकडे निळसर करडी उभी पट्टी, उजवीकडे हिरवट आणि करडी, खाली जमिनीचा तिरका तुकडा. आणि मध्ये, जिथे समुद्र हवा, तिथे वरपासून खालपर्यंत काळा. प्रकाश तिरका टाकून पाहिले तर काळ्याखाली सज्ज्याचा कठडा आणि झाडे दिसतात. म्हणजे त्याने बाहेरचे दृश्य आधी रंगवले आणि मग ते झाकले.

युद्धाचा काळोख, असा त्या काळ्याचा अर्थ लगेच सुचतो. मलाही सुचला होता. पण त्या चित्रापुढे उभे राहिल्यावर काळोखाची भावना येत नाही, हे मला प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. काळा खोल जात नाही, पुढे येतो. कोलियूरच्या भर दुपारी उलटा अनुभव घेता येतो: उन्हात वाळूवर उभे राहून रस्त्यापलीकडच्या उघड्या दाराकडे पाहिले की आतले काहीच दिसत नाही, फक्त एक काळा आयत, आणि तो त्या भिंतीवरची सर्वांत ठळक, सर्वांत तेजस्वी वस्तू असतो. अतिशय उजेडाच्या गावात काळा हाही उजेडाचाच एक भाग. पुढे मातिस काळ्याला प्रकाशाचा रंग म्हणत असे, ते इथे आधीच हाताला आले होते. चित्राला त्याने पुरे झाले असे कधी म्हटले नाही, हयातीत कधी प्रदर्शनात लावले नाही. तो १९५४ मध्ये गेला. चित्र लोकांसमोर आले १९६६ मध्ये, अमेरिकेत. पहिल्या खिडकीत बाहेरचा उजेड खोलीने पेलला होता. दुसरीत त्याने बाहेर बंद केले, चौकट ठेवली, आणि उजेड तरीही उरला.

इथे आपल्या एका चित्रकाराची आठवण येते. नागपूरच्या कलाशाळेत आणि मग मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेला सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेला. १९५१मधल्या त्याच्या ‘ओ द कान्य’ या चित्रात भूमध्य किनाऱ्यावरचे डोंगरी गाव आहे, घरे ठोकळ्यांसारखी रचलेली, आणि वर सूर्य काळा. पुढे अनेक दशके तो गोर्बियो या मांतोंच्या वरच्या टेकडीवरल्या गावात राहून काम करत राहिला आणि तो काळा वाढत वाढत त्याचा बिंदू झाला, सर्व रंग ज्यातून निघतात तो. रझाने तो मातिसकडून घेतला असे मी म्हणत नाही. त्याची मुळे त्याच्या मध्य प्रदेशातल्या बालपणात आहेत. पण काळ्याचा सूर्य करायचे सुचायला तो लखलखीत किनारा कारणी लागला असावा, असे मला त्या दुपारी वाळूवर उभे असताना वाटून गेले.

कोलियूर गावाच्या मध्यभागी एक लहान स्मशानभूमी आहे. तिथे स्पेनचा कवी आंतोनियो माचादो पुरला आहे. बार्सिलोना पडल्यावर जानेवारी १९३९च्या अखेरीस लाखो निर्वासितांच्या लोंढ्यातून, थंडीपावसात, म्हाताऱ्या आईला घेऊन त्याने सीमा ओलांडली आणि कोलियूरच्या एका छोट्या हॉटेलात आसरा घेतला. २२ फेब्रुवारीला तो वारला, तीन दिवसांनी आई. त्याच्या कोटाच्या खिशात भावाला एक चिठोरी सापडली. तिच्यावर बालपणाच्या आठवणीची एक ओळ होती. त्याच वर्षी समोरच्या किल्ल्यात स्पेनच्या प्रजासत्ताकाच्या सैनिकांना कैदेत ठेवले गेले. कबरीशेजारी टपालपेटी बसवली आहे आणि लोक अजून कवीला पत्रे टाकतात; मी गेलो तेव्हा दगडावर ताजी फुले आणि त्या प्रजासत्ताकाचा लाल-पिवळा-जांभळा झेंडा होता. किनाऱ्यापासून ही जागा चार-पाच मिनिटांवर आहे. चित्रांच्या पाठीमागे फिरणारे बहुतेक लोक इकडे वळत नाहीत. वळावे. ज्या उजेडाने १९०५मध्ये एका माणसाला चित्र दिले, त्याच उजेडात १९३९मध्ये दुसऱ्या माणसाला त्याचे लहानपण परत दिसले होते.

गावाने आता मातिस आणि दरँ जिथे उभे राहिले त्या जागांवर त्यांच्या चित्रांच्या प्रती लावल्या आहेत. प्रत पाहायची, मग समोरचे दृश्य पाहायचे, मग जुळवायचे. उपक्रम चांगला आहे आणि मुलांना घेऊन फिरायला उत्तम. पण खिडकीपुरते सांगायचे तर ते जुळवणे उपयोगाचे नाही. बाहेर उभे राहून ती खिडकी सापडत नाही. कोलियूरला गेलात तर एक रात्र तरी पोर दाव्हालच्या बाजूला, पाण्याकडे तोंड असलेल्या खोलीत राहा. झोपताना झडपा घट्ट लावा. सकाळी उठल्यावर दिवा लावू नका, चष्मा शोधू नका. आधी झडपा उघडा, आणि जे दिसेल त्याला दोन-तीन क्षण समुद्र म्हणू नका.

आणि कोलियूरला जाणे जमणार नसेल, पण मुला-मुलीकडे अमेरिकेला जाणे होत असेल, तर वॉशिंग्टनचा एक दिवस राखून ठेवा. नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये प्रवेशाला पैसे पडत नाहीत.